ना कोमट, ना शिळी, ना धड कडू : इंग्लिश बिटर समजून घेताना

माझा मावसभाऊ पहिल्यांदा इंग्लंडला आला तेव्हा मी त्याला लंडनमधल्या चिझिकच्या एका पबमध्ये नेलं आणि त्याच्यासमोर बिटर नावाच्या तिथल्या बिअरची पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठा ग्लास, ठेवली. त्याने एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडे धरला आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून म्हणाला, "दादा, ही परत दे. यांचा फ्रीज बंद पडलाय. गॅसपण गेलाय." मी म्हटलं, हिला फ्रीज लागत नाही, आणि गॅस हवा तेवढा आहे. त्यावर थोडं थांबून, आणखी एक घोट घेऊन त्याने विचारलं, "मग बिटर कशाला म्हणतात? कडू कुठंय?"

तिन्ही तक्रारी रास्त होत्या. आपल्याकडे बिअर म्हणजे बाटलीला घाम फुटलेली, पिवळीधमक, फसफसणारी लागर. त्या सवयीच्या जिभेला बिटर म्हणजे कुणीतरी तासभर उघडी टाकून विसरलेली बिअर वाटते. पण या तीन तक्रारींची उत्तरं नीट कळली की बिटरही बरीचशी कळते, म्हणून त्याच वाटेने जाऊ. सुरुवात शेवटच्या तक्रारीपासून.

आपलं गोडं वरण गोड नसतं. गोडा मसाला तर अजिबातच नसतो. आमटीच्या मानाने सौम्य, झणझणीत मसाल्याच्या मानाने सौम्य, म्हणून 'गोडं'. बिटरचं नाव नेमकं असंच पडलंय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या पबात दोन तऱ्हेच्या बिअर शेजारीशेजारी मिळायच्या. एक माइल्ड, म्हणजे ताजी, गोडसर. दुसरी फिकट रंगाची, जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेली. बनवणारे ब्रुअर दुसरीला 'पेल एल' म्हणजे फिकट एल म्हणत (एल हा लागरहून वेगळा बिअरचा प्रकार), कागदोपत्री तसंच लिहीत. पण तेव्हा पंपावर नावाची पाटी नसायची, आणि काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाला एका शब्दात सांगायचं असायचं की ती गुळचट नको, ती कडवट दे. तो शब्द रुळला. थोडक्यात, बिटर हे पिणाऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे आणि त्याचा अर्थ 'माइल्डपेक्षा कडवट' एवढाच. पुढे माइल्ड बहुतेक पबांतून गेली आणि तुलनेतला एकच शब्द मागे राहिला. आमटी बंद झाली आणि गोडं वरण तेवढं उरलं, तर पुढच्या पिढीला त्या नावाचं जसं कोडं पडेल, तसं बिटरचं झालंय. (शब्दांचा असा घोळ आपल्याकडेही जुनाच आहे. आयुर्वेदात कडू चवीला 'तिक्त' म्हणतात आणि 'कटु' म्हणजे तिखट.)

कडवटपणा मोजायचं एक माप आहे, आयबीयू. हॉप्समधली कडू द्रव्यं एका लिटरला साधारण किती मिलिग्रॅम उतरली, ते सांगणारं. साध्या बिटरचा आकडा पंचवीस ते पस्तीसच्या आसपास असतो. हल्लीच्या अमेरिकी पद्धतीच्या आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, साठ-सत्तरपर्यंत सहज जातात. पण या आकड्यावरून चवीचा अंदाज बांधू नये. कारल्याच्या भाजीत गूळ किती पडलाय हे न विचारता ती किती कडू असेल सांगता येईल का? बिटरमध्येही कडवटपणाच्या समोर माल्टचा गोडवा उभा असतो, आणि खरी गंमत त्या दोघांच्या ओढाताणीत असते.

तो गोडवा येतो सातूतून. सातूला मोड आणायचे, ते वाढायच्या आत वाळवून भाजायचे, की झालं माल्ट. बिटरसाठी इंग्रज ब्रुअर ज्या सातूचं नाव आदराने घेतात ती जात म्हणजे मॅरिस ऑटर. केंब्रिजच्या संशोधन केंद्रात तयार झालेली ही जात १९६०च्या दशकात बाजारात आली. शेतकऱ्याच्या हिशेबाने ती कधीच मागे पडलीय, कारण नव्या जाती एकरी जास्त उतारा देतात. तरी ब्रुअर जास्त भाव मोजून ती पिकवून घेतात. तिची चव म्हणजे चहात न बुडवलेल्या मारी बिस्किटाची, पावाच्या भाजलेल्या कडेची. त्यात थोडं क्रिस्टल माल्ट पडतं. मोड आलेला सातू ओला असतानाच तापवला की दाण्याच्या आतच साखर होते आणि मग ती करपू लागते. असा हा माल्ट. त्याने बिटरला घासलेल्या घंगाळाचा तांबूस रंग येतो आणि एक चव येते, जिला इंग्रज टॉफी म्हणतात. मला ती काकवीच्या जवळची वाटते.

कडवटपणा हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका उंच वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. इंग्लंडमध्ये ती मुख्यतः केंटमध्ये आणि पश्चिमेला हेरफर्डशर-वुस्टरशरमध्ये होतात. ही फुलं माल्टच्या काढ्यात तासभर खळखळा उकळावी लागतात, कारण त्यातलं कडू द्रव्य कच्चं असताना पाण्यात नीट उतरत नाही. उकळताना त्याची रचना बदलते आणि मग ते मुरतं. पण तासभर उकळल्यावर फुलांचा वास उडून जातो. म्हणून वासासाठी निराळी मूठ शेवटच्या काही मिनिटांत टाकायची. अगदी शेवटी पिंपातही काही फुलं सोडतात. फोडणीत जिरं आणि वरून कोथिंबीर, हाच हिशेब.

इंग्लिश हॉप्सच्या दोन जुन्या जाती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, फगल आणि गोल्डिंग्ज. अमेरिकी हॉप्स आंबा-पपनस-पॅशनफ्रूट असा बाजार मांडतात. या दोघी तसं काही करत नाहीत. फगलला ओल्या लाकडाचा, जराशा पुदिन्याचा वास. गोल्डिंग्जला मधाचा, फुलांचा, पुसटशा मसाल्याचा. पहिल्यांदा पिताना हे वास जाणवतीलच असं नाही. मला ते ओळखायला चारपाच महिने लागले.

आता पाणी. बिटरच्या गोष्टीत ते फार महत्त्वाचं आहे, कारण ही सगळी शैलीच एका गावच्या विहिरींवर उभी राहिली.

गाव बर्टन अपॉन ट्रेंट, इंग्लंडच्या मध्यभागी. तिथलं भूजल जिप्समच्या थरांतून झिरपतं. जिप्सम म्हणजे चिरोडी, ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तीच. त्यामुळे पाण्यात सल्फेट भरपूर. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा जिभेवर पसरून न राहता स्वच्छ, कोरडा, टोकदार होतो. घोट संपल्यावर तोंड कोरडं पडतं आणि पुढचा घोट मागतं. लंडनच्या पाण्यात ही करामत नव्हती. ते पोर्टर नावाच्या गडद बिअरला मानवणारं. पुढे रसायनशास्त्र कळल्यावर जगभरचे ब्रुअर आपापल्या पाण्यात जिप्सम घालू लागले आणि त्या प्रकाराला नावच पडलं, 'बर्टनायझेशन'. एका छोट्या गावाच्या नावाचं क्रियापद झालं. बर्टनच्या ताज्या बिअरला ओतल्या ओतल्या काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतो. स्थानिक लोक त्याला 'बर्टन स्नॅच' म्हणतात आणि तो दोष मानत नाहीत. अर्ध्या मिनिटात जातो.

इथे मुंबईचा संबंध येतो, तोही खराखुरा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या बो भागात हॉजसन नावाच्या घराण्याची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटत ती गोदी तिथून जवळ. जहाजांचे कप्तान हॉजसनकडून उधारीवर बिअरची पिंपं उचलत आणि मुंबई-कलकत्त्याला विकत. आफ्रिकेला वळसा घालून यायचं म्हणजे चारसहा महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, पिंप सतत हलतंय. फिकट, भरपूर हॉप्सची बिअर त्यात टिकायची, वर छान मुरायची. १८२०च्या दशकात हॉजसन आणि ईस्ट इंडिया कंपनीचं फिसकटलं. त्याच सुमारास रशियाने जकात वाढवल्यामुळे बर्टनच्या ब्रुअरांचा तिकडचा धंदा बुडाला होता. ते या व्यापारात शिरले, आणि त्यांच्या पाण्याने जी फिकट बिअर झाली तिने हॉजसनला मागे टाकलं. 'हिंदुस्थानच्या प्रवासासाठी कुणा हुशार माणसाने मुद्दाम नवी बिअर शोधून काढली' ही गोष्ट पबात चवीने सांगतात, पण ती खरी नाही. तशी बिअर आधीपासून होती, हिंदुस्थानाने तिला बाजार दिला. तीच बिअर मग इंग्लंडात, समुद्र न ओलांडता, आगगाडीने पबात येऊ लागली. बिटर त्या कुळातली.

बर्टनच्या बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण ही १८७६ साली ब्रिटनमध्ये नोंदवलेली पहिली व्यापारी खूण. एदुआर मानेच्या १८८२च्या त्या प्रसिद्ध चित्रात, पॅरिसच्या बारमागे उभ्या उदास मुलीसमोरच्या बाटल्यांवर तो त्रिकोण दिसतो. म्हणजे शॅम्पेनच्या शेजारी बर्टनची बिअर, आणि तेही पॅरिसात!

सुरुवातीची पेल एल महिनोन्महिने मुरवत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रुअरांना यीस्ट समजू लागलं आणि पंधरवड्यात पबात जाऊन आठवड्याभरात संपणारी हलकी बिटर निघाली. नंतर पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि वाढता कर यांनी तिचं मद्यार्काचं प्रमाण आणखी उतरवलं, ते परत पहिल्यासारखं चढलं नाही. आज साधी बिटर साडेतीन टक्क्यांच्या आसपास, बेस्ट बिटर चार ते साडेचार, त्यावरची स्ट्राँग. मला हे उतरणं बरंच झालं असं वाटतं. इंग्रज पबात चार मित्र आले की पाळीपाळीने प्रत्येकजण सगळ्यांसाठी एकेक फेरी आणतो. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार पिंटी ठरलेल्याच. एवढं पिऊन माणसाला गप्पा मारता आल्या पाहिजेत. एवढ्या कमी मद्यार्कात एवढी चव भरणं हे अवघड काम आहे. आठ टक्क्यांची बिअर चविष्ट करणं त्यामानाने सोपं.

आता फ्रीज आणि गॅस. या दोन्ही तक्रारींचं उत्तर पबच्या तळघरात आहे.

कारखान्यातून निघालेली लागर गाळलेली, बहुधा पाश्चराइज केलेली असते. तिच्यात जिवंत काही उरलेलं नसतं. पबने ती फक्त गार करायची आणि गॅसच्या दाबाने ग्लासात ढकलायची. कास्क बिटरचं, म्हणजे पिंपातल्या बिटरचं, तसं नाही. ती जिवंत यीस्टसकट, थोडी साखर शिल्लक ठेवून पिंपात भरतात. नेहमीचं पिंप म्हणजे 'फर्किन', नऊ गॅलनचं, सुमारे एकेचाळीस लिटरचं. त्यात बहात्तर पिंटी. पूर्वी ओकचं असे, आता बहुतेक स्टीलचं किंवा प्लास्टिकचं. ब्रुअरी कणीक मळून देते म्हणा, पोळी भाजायची ती पबने.

पिंप तळघरात आडवं ठेवतात आणि मग हलवत नाहीत. विरजण लावलेल्या भांड्याला हात लावल्यावर आजी जशी ओरडायची, तसे तळघरवालेही ओरडतात. पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक भोक असतं, त्यात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी मारतात. आत यीस्ट अजून काम करतंय, जास्तीचा वायू या खुंटीतून फेस होऊन बाहेर येतो. तो पुसायचा, परत बघायचं. फेस यायचा मंदावला की मऊ खुंटी काढून टणक खुंटी ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहील. लवकर ठोकली तर बिअर फसफसून उतू जाते, उशीर झाला तर मिळमिळीत होते. हा क्षण कुठलं यंत्र सांगत नाही. कुणीतरी खाली उतरून बघावं लागतं.

दरम्यान गाळ खाली बसायला हवा. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तसं इथे आयझिंग्लास वापरतात. ते यीस्टचे कण गोळा करून तळाशी नेतं आणि बिअर निवळते. आयझिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. ग्लासात त्याचा अंशही क्वचितच येतो, पण कडक शाकाहारी मंडळींना हे माहीत असलेलं बरं. हल्ली काही ब्रुअर ते न घालता किंचित धुरकट बिटर देतात आणि पंपावर तसं लिहितात.

एकदा नळ ठोकून पिंप चालू केलं की घड्याळ सुरू होतं. जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा आत जाते. पहिल्या दिवशी त्या हवेने चव जरा खुलतेसुद्धा, तिसऱ्या दिवसानंतर उतरू लागते आणि मग आंबते. बहात्तर पिंटी तीन दिवसांत खपल्या पाहिजेत. म्हणून उत्तम बिटर कुठे मिळते याचं साधं उत्तर आहे : जिथे ती भराभर खपते तिथे. सजावट, जुनी तुळई, पितळी दिवे, कशावरूनही अंदाज बांधू नका. मी एकदा पर्यटकांनी गजबजलेल्या, फोटोत फार सुंदर दिसणाऱ्या एका पबात व्हिनेगरसारखी पिंट प्यायलोय. सगळे पर्यटक लागर पीत होते, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

तळघराचं तापमान अकरा ते तेरा अंश. निफाडकडे थंडीच्या पहाटे हौदातलं पाणी जसं लागतं तसं. कोमट म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. माठातल्या पाण्याला कुणी कोमट म्हणत नाही. आणखी गार का नाही? फ्रीजमधून काढलेला हापूस खाऊन बघा. गोड लागतो, पण वास कुठे जातो? गारठ्यात वास उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. पुसट वासांवर जगणारी बिअर तीन अंशांवर दिली तर उरतं नुसतं थंड, कडवट पाणी. उलट सपक लागर तीनच अंशांवर प्यावी, तिचं भलं त्यातच आहे.

वायूचं म्हणाल तर लागरमध्ये एका लिटर बिअरमागे अडीच लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, कास्क बिटरमध्ये एकापेक्षा थोडा जास्त. तो यीस्टने आतल्या आत केलेला. बुडबुडे जिभेला टोचतात, चवीपेक्षा तो टोचराच जास्त जाणवतो. ते कमी केले की माल्ट पुढे येतो. गॅस गेलेला नाही, मुळात कमीच ठेवलेला आहे.

बाहेरून गॅसचा दाबही देत नाहीत. काउंटरवर जो उंच लाकडी दांडा दिसतो, तो हातपंप. जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९७ साली असा पंप पेटंट केला. आपल्या गावच्या हापशासारखंच तत्त्व : दांडा ओढला की तळघरातली बिअर वर येते. पंपाच्या तोटीला बारीक भोकांची एक टोपी लावता येते, तिला स्पार्कलर म्हणतात, आणि तिच्यावरून इंग्लंडचे दोन तुकडे पडलेत. यॉर्कशर-लँकेशरकडे स्पार्कलर हवाच; त्याने वर दाट, सायीसारखा फेस येतो, बिअर मऊ होते, कडवटपणा जरा फेसात चढतो. लंडनकडचे म्हणतात, असं झोडपून बिअरचा जीव जातो. पुणे-नागपूरकरांनी वडाभात आणि मिसळीवरून जेवढं भांडावं तेवढं हे भांडतात. मी पक्षपात करतो : यॉर्कशरची बिटर स्पार्कलरने, केंट-ससेक्सची त्याच्याशिवाय. ती तशीच पिणाऱ्यांसाठी बनवलेली असते.

हे सगळं १९६०च्या दशकात जवळजवळ संपलं होतं. मोठ्या कंपन्यांनी छोट्या ब्रुअरी गिळल्या आणि गाळलेली, बंद डब्यातली, गॅसच्या दाबाची केग बिअर सगळीकडे आणली. वॅटनीज रेड बॅरल हे त्यातलं सर्वांत बदनाम नाव. तळघरात उतरायला नको, खुंट्या नकोत, बिअर आठवडे टिकते. पबवाल्यांना सोयीचंच होतं. १९७१ साली चार तरुण इंग्रज आयर्लंडच्या केरी परगण्यात सुट्टीवर गेले होते. तिथल्या पबात बसून त्यांनी या प्रकाराविरुद्ध संघटना काढली, तीच पुढे 'कॅम्रा', म्हणजे खऱ्या एलसाठीची चळवळ. 'रिअल एल' हा शब्द त्यांनीच रुळवला. ग्राहकांच्या चळवळीने कारखानदारांना माघार घ्यायला लावल्याची अशी उदाहरणं कमी आहेत. माघार पूर्ण नव्हती, हेही खरं. लागर पुढे गेलीच. बर्टनमध्ये ओकच्या पिंपांच्या रांगा नळ्यांनी जोडून बिअर आंबवायची 'युनियन' नावाची पद्धत होती, ती शेवटी फक्त मार्स्टन्स ब्रुअरीकडे उरली होती. २०२४ मध्ये त्यांनीही ती थांबवली. एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने वाचवून नेला, एवढंच समाधान.

पितात कशी ते आता सांगतो. काउंटरवर जायचं, टेबलापाशी कुणी येत नाही. दांड्यावरच्या पाटीवर नाव आणि टक्के असतात. पाटी उलटी फिरवलेली असेल तर ते पिंप संपलंय. कुठली घ्यावी कळत नसेल तर चाखायला घोटभर मागावी, त्यात संकोच नको. अर्धी पिंट मागण्यातही कमीपणा नाही. पबने दार उघडल्याबरोबर पहिली पिंट आपण घेऊ नये. रात्रभर नळीत राहिलेली बिअर काहीजण ओतून टाकत नाहीत.

ग्लास उजेडात धरा. आरपार दिसायला हवं, धुरकट करतो असं पाटीवर लिहिलेलं नसेल तर. मग वास घ्या, पण फेस बसायच्या आत. पहिला घोट जरा मोठा घ्या, तोंडभर फिरवा आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बिअर चाखणारे नाही, कारण बिटरची अर्धी गोष्ट गिळल्यानंतरची आहे. (जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू लागतं, हा शाळेतला नकाशा चुकीचा आहे. कडू सगळ्या जिभेला कळतं. ते उशिरा येतं आणि उशिरा जातं, म्हणून मागे असल्यासारखं वाटतं.) आधी बिस्कीट, पाठोपाठ फळांचा काहीतरी भास, मग हळूहळू कोरडा कडवटपणा, आणि जीभ स्वच्छ. एवढं सगळं तीनचार सेकंदांत होतं. पहिल्या घोटात काहीच कळलं नाही तर घाबरू नका. बिटर पहिल्या घोटाला दिपवण्यासाठी केलेलीच नसते. अर्धा ग्लास झाल्यावर तिची ओळख पटते.

तो फळांचा भास यीस्टचा. लागरचं यीस्ट थंडीत हळूहळू काम करतं आणि मागे वास ठेवत नाही. एलचं यीस्ट वीस अंशांच्या आसपास उत्साहाने काम करतं आणि संत्रं, सफरचंद, नासपतीसारखे वास सोडून जातं. प्रत्येक जुन्या ब्रुअरीचं यीस्ट तिचं स्वतःचं, घरच्या विरजणासारखं. ससेक्समधल्या लुइस गावच्या हार्वेजने १९५७ साली यॉर्कशरच्या टॅडकास्टरहून यीस्ट आणलं, तेच आजतागायत एका घाण्यातून पुढच्या घाण्यात चालत आलंय. त्यांची ससेक्स बेस्ट प्यायल्यावर एक मातकट, जरा खारट-आंबट, सुकामेव्यासारखी चव मागे राहते, जी दुसऱ्या कुठल्याच बिअरमध्ये मला मिळालेली नाही. बऱ्याच लोकांना ती पहिल्यांदा आवडत नाही.

सुरुवात करणाऱ्याला मी चिझिकच्या फुलर्सची लंडन प्राइड देतो. चार-एक टक्क्यांची, संत्र्याच्या सालीच्या मुरंब्याचा वास अगदी ठळक. नाव एका फुलझाडाचं आहे, युद्धात बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागांवर उगवणाऱ्या. ब्रुअरी २०१९ पासून जपानच्या असाहीकडे आहे, आणि त्यावरून पबात अजून सुस्कारे ऐकू येतात. त्यांचीच ईएसबी, म्हणजे एक्स्ट्रा स्पेशल बिटर, साडेपाच टक्क्यांची, काकवी आणि मुरंबा दोन्ही जास्त. ती एक पिंट पुरे. मग यॉर्कशरच्या कीथलीतली टिमोथी टेलरची लँडलॉर्ड. त्यांचा स्वतःचा झरा आहे आणि माल्ट गोल्डन प्रॉमिस नावाच्या सातूचा. कॅम्राचा सर्वोत्तम बिअरचा मान तिला चार वेळा मिळाला. हिच्यात फुलं जास्त, गोडवा कमी, शेवट लांब आणि कोरडा. लंडन प्राइडनंतर लगेच ही प्यायलात तर एकाच नावाखाली किती अंतर मावतं ते कळेल.

बिघडलेली कशी ओळखायची? व्हिनेगरचा आंबूसपणा, ओल्या पुठ्ठ्याचा वास, अगदीच मेलेला, फेस न धरणारा ग्लास. लोण्यासारखा किंवा बटरस्कॉचचा वास थोडा असेल तर काही जुन्या बिटरमध्ये तो चालतो, जास्त असेल तर दोष. अशा वेळी ग्लास परत न्यायचा. फार प्यायच्या आत, शांतपणे, "ही जरा उतरलीय वाटतं" एवढं म्हणायचं. चांगला पबवाला न कुरकुरता बदलून देतो आणि बहुतेकदा स्वतः चाखून बघतो. माझ्या भावाची परत द्यायची सूचना तत्त्वतः बरोबरच होती, फक्त कारणं चुकली होती.

सोबत काय? इंग्रज चेडर, लोणच्यातला कांदा, पोर्क पाय खातात. घरी आम्ही बाटलीतल्या बिटरबरोबर भाजणीची चकली खाल्ली होती. भाजलेल्या डाळींची आणि भाजलेल्या माल्टची गट्टी जमते. फार तिखट काही नको, कडवटपणाने तिखट आणखी चढतं.

महाराष्ट्रात कास्क बिटर येणं कठीण. तीन दिवसांच्या आयुष्याची वस्तू, जहाजाने कशी येणार? पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींत एलच्या तऱ्हा मिळतात. त्यातल्या एकीचं नाव डुलाली, आणि इंग्रजीत वेडं होणं या अर्थी हा शब्द आला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून, जिथे मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक छावणीत दिवस काढायचे. लंडनच्या पबातही तो अजून ऐकू येतो. बाकी राहतात आयात बाटल्या. बाटलीतली बिटर बहुधा कास्कपेक्षा जास्त टक्क्यांची आणि जास्त गॅसची असते. पारदर्शक काचेची, दुकानाच्या खिडकीत उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका. उजेडाने हॉप्समधलं द्रव्य फुटतं आणि उग्र, कुबट वास येतो. तळाशी गाळ असेल तर शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. आणि फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. मे महिन्यात नागपुरात असाल तर दहा मिनिटं पुरेत.